आधी मिस्त्री, मग गाडी

जुनी मोटारगाडी विकत घेणारी माणसे दोन प्रकारची असतात. पहिल्याला गाडीची गरज असते आणि नव्या गाडीइतके पैसे जवळ नसतात. दुसऱ्याची तऱ्हा वेगळी. त्याच्या दारात बहुधा एक धड चालणारी गाडी असते, तरीही त्याला तीस वर्षांची, निम्मी गंजलेली, ढकलल्याशिवाय सुरू न होणारी गाडी हवी असते. पहिल्याच्या व्यवहाराला आपण खरेदी म्हणतो, दुसऱ्याच्या व्यवहाराला शौक. आज मला बोलायचे आहे ते या शौकाविषयी. पण या शौकीन मंडळींनी पदरचे पैसे घालून जे शहाणपण मिळवले आहे, ते गरजेपोटी जुनी गाडी घेणाऱ्यालाही तितकेच उपयोगी पडणारे आहे.

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. यंत्राशी माझा संबंध आला तो शब्दांमुळे. सांगलीत माझ्या रोजच्या वाटेवर सात-आठ गॅरेजे आहेत. तिथे उभे राहून नुसते कान दिले तरी जगाची सहल होते. ‘मिस्त्री’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, ‘दुरुस्ती’ फारसीतून, ‘मरम्मत’ अरबीतून. जादा चाकाला आपण स्टेपनी म्हणतो, ते वेल्समधल्या लानेल्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे जादा चाके बनत होती. इंजिनाच्या प्लगांना पाळीपाळीने वीज वाटून देणारा जो डिस्ट्रिब्युटर, त्याला आमचे मिस्त्री डेल्को म्हणतात. ते एका अमेरिकन कंपनीच्या नावाचे लघुरूप. ‘स्टेपनी डिकीत टाक, डेल्को खोल, दुरुस्तीला दोन दिवस लागतील’ असे आमचा मिस्त्री सहज बोलून जातो, आणि त्या एका वाक्यात किती मुलुख येऊन गेले याची त्याला खबरही नसते. याच गल्लीत शुक्रवारी दुपारी काही शटरे अर्धी खाली येतात आणि खंडेनवमीला त्याच गॅरेजांतल्या पान्यांना झेंडूचे हार पडतात. कोणाला त्यात काही वेगळे वाटत नाही.

आमच्या भागात हा शौक रुजला, त्याला कारण आहे. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. पुढे कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ, ओतकाम, ऑइल इंजिनांचे सुटे भाग यांची कारखानदारी वाढली. मग साखर कारखाने आले, ट्रक आले, ट्रॅक्टर आले. त्यामुळे पिस्टन घासला, गिअरचा दात तुटला, एखादा बुश मिळेना, तर तो बनवून देणारा माणूस इथे हाकेच्या अंतरावर असतो. कोल्हापूरला दसऱ्याच्या दिवशी छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार रस्त्यावर येते तेव्हा लोक हात जोडतात, आणि त्याच गर्दीतली चार डोकी वाकून तिच्या चाकांकडे बघत असतात. ही चार डोकी म्हणजे आमची मंडळी.

या मंडळींच्या आवडीच्या गाड्याही ठरलेल्या. पहिली फियाट. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून ती बनू लागली, १९७४ च्या सुमारास तिचे ‘पद्मिनी’ असे बारसे झाले आणि शतक संपता संपता ती थांबली. हा कारखाना सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीचा. १०८९ सीसीचे छोटे इंजिन आणि स्टिअरिंगला लागून असलेला गिअरचा दांडा ही तिची ओळख. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिने दोन पिढ्या वाहिल्या आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या रूपात ती रस्त्यावरून गेली. दुसरी अँबेसेडर, जी २०१४ पर्यंत बनत होती. तिसरी मारुती ८००, डिसेंबर १९८३ ते जानेवारी २०१४. आणि चौथी, आमच्या ऊसपट्ट्याची लाडकी, जीप. महिंद्रांनी १९४७ पासून विलीज जीप इथे जोडायला सुरुवात केली. तिचे दोन अवतार, लो बॉनेट आणि हाय बॉनेट. हाय बॉनेटचा चेहरा उंच का, तर तिच्यात आलेले हरिकेन इंजिनच मुळात उंच होते, झाकण वर उचलल्याशिवाय ते आत मावेना. अशी कारणे कळू लागली की गाडी नुसते वाहन राहत नाही, वाचायचा मजकूर होते.

आता गाडी वाचायची कशी, ते पाहू. आमच्या गल्लीतले एक वयस्क मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. कोणी गाडी दाखवायला आणली की ते बॉनेट उघडत नाहीत. आधी कागद मागतात. आरसी बुकावरचा चेसिस नंबर आणि गाडीवर ठोकलेला नंबर एकच आहे का? त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली की छाप उमटते. छापेत एखादा आकडा वेगळ्या ठशाचा दिसला, की तिथून उठायचे. इंजिन बदललेले असेल तर त्याची नोंद आहे का? कर्ज काढून घेतलेली असेल तर आरसीवर बँकेचा बोजा असतो, तो उतरला आहे का? गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली असेल तर ना-हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८ लागतो. मालकी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. अनेक जण कोऱ्या फॉर्मांवर सह्या करून गाडी सोडून देतात. हे दोघांनाही घातक आहे. उद्या ती गाडी कोणाला धडकली तर नोटीस जुन्या मालकाच्या दारात येते, आणि नव्या मालकाच्या हातात कायद्याने काहीच नसते.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी पासिंग करून ती नव्याने करावी लागते. त्याचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाले आणि वीस वर्षांवरील गाड्यांसाठी २०२५ मध्ये आणखी वाढले. शिवाय पर्यावरण कर. तेव्हा चाळीस हजारांना ‘स्वस्तात’ मिळालेली गाडी कागदोपत्री उभी करण्यातच बराच पैसा जातो, हे आधी वहीवर मांडलेले बरे.

कागद जमले की पत्रा. पत्रा उन्हात बघावा. संध्याकाळी आणि दिव्याच्या उजेडात प्रत्येक गाडी सुंदर दिसते. दारांचा खालचा काठ, पायाखालचे रबर उचलून तिथली जमीन, डिकीत स्टेपनीखालचा खळगा, या गंजाच्या हमखास जागा. लोहचुंबक बरोबर ठेवावे. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्र्याच्या जागी पुट्टी भरलेली आहे. गाडी कुठल्या गावची आहे, यालाही महत्त्व आहे. रत्नागिरी, मुंबईकडची गाडी खाऱ्या हवेने आतून पोखरते. सोलापूर, जतकडची गाडी उन्हाने रंग घालवते पण हाडे राखते. रंग पुन्हा देता येतो.

इंजिनासाठी एकच नियम. गाडी थंड असताना आपल्यासमोर सुरू करायला लावायची. आपण पोचण्याआधीच मालकाने ती तापवून ठेवली असेल तर काहीतरी झाकायचे आहे असे समजावे. निळसर धूर आला तर इंजिन ऑइल जाळते आहे, म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्हकडचे काम. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे, हा आजार त्या मानाने किरकोळ. पांढरी वाफ इंजिन तापल्यावरही थांबली नाही तर पाणी आत शिरते आहे. ऑइलचे झाकण काढून पाहावे. आत दुधाळ चहासारखी साय दिसली तर पाणी आणि ऑइल एकमेकांत मिसळले आहे, हेड उतरवावेच लागणार. किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नये, तो मागे फिरवता येतो. ब्रेकच्या पॅडलचे रबर मात्र खोटे बोलत नाही. मीटर तीस हजार सांगत असेल आणि पॅडल घासून गुळगुळीत झाले असेल, तर मी पॅडलवर विश्वास ठेवतो.

आमच्या भागात यात एका गोष्टीची भर पडली आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेचे पाणी सांगली-कोल्हापुरात शिरले, जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. कित्येक गाड्या दिवसच्या दिवस पाण्यात उभ्या होत्या. मुंबईने हेच २६ जुलै २००५ नंतर पाहिले होते. बुडालेली गाडी धुऊन, पुसून, अत्तर फवारून बाजारात येते आणि बहुधा दूरच्या गावी विकली जाते. ती ओळखायची खूण सोपी आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढावा. धुणारा सगळे धुतो, पण गुंडाळीच्या आतला पट्टा सहसा धूत नाही. तिथे गाळाची रेघ सापडते. सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज, हेडलाइटच्या काचेआड वाळलेल्या पाण्याचा डाग, बंद गाडीत ओल्या गोणपाटासारखा वास, याही खुणा आहेत. नव्या जमान्याच्या गाडीत वायरिंग आणि कॉम्प्युटर असल्यामुळे बुडालेली गाडी वर्षभराने अचानक रस्त्यात बंद पडते. जुन्या फियाटचे तसे नाही. पूर ओसरल्यावर आमच्या गल्लीत दोन फियाटी उतरवून, ऑइल बदलून, ब्रेकची रबरे नवी घालून, डायनामो वाळवून पुन्हा चालत्या झाल्या. पण ही बढाई फियाटच्या बाबतीतच चालते, सरसकट नव्हे.

गाडी दारात आली की दुरुस्ती. इथे बहुतेकांचा क्रम चुकतो. सगळ्यांना आधी इंजिनाचा आवाज ऐकायचा असतो. चाचांचा क्रम उलटा आहे. आधी ब्रेक, मग स्टिअरिंग, मग चाके, मग वायरिंग, आणि सर्वांत शेवटी इंजिन. एकदा ऊसवाल्या घरातला एक तरुण जीप घेऊन आला. मोठे टायर, पुढे चार दिवे, आत दुसऱ्या गाडीचे डिझेल इंजिन. “चाचा, जरा पिकअप वाढवून द्या की,” तो म्हणाला. चाचा जीपमध्ये बसले, पॅडल दाबले, ते जवळजवळ पत्र्याला टेकले. “थांबती का बघ आधी. पळायचं नंतर बघू,” एवढे म्हणून ते उतरले. मुलगा चिडला, म्हणाला, मी दुसरीकडे जातो. चाचांनी किल्ली त्याच्या हातात दिली आणि सांगितले, “जा. पण गाडी ट्रकवर घालून ने, चालवत नको.” तो तासभर बाहेर कट्ट्यावर बसला आणि मग आत आला. चारही ड्रम उघडले तेव्हा दोन चाकांच्या सिलिंडरांतून ब्रेक ऑइल गळत होते आणि लायनर घासून रिबिटे उघडी पडली होती. घाटात ती जीप कुठे थांबली असती, हे त्या मुलाला कोणी सांगावे लागले नाही.

जुन्या इंजिनाची एक गोष्ट मला कवितेइतकी भावते. पिस्टन वर-खाली होऊन सिलिंडरची भिंत झिजते, आणि ती सारखी झिजत नाही, गोलाचा लंबगोल होतो. मग इंजिन उतरवून बोअर करायचे, म्हणजे सिलिंडर पुन्हा गोल होईपर्यंत आतून तासायचा आणि त्या मापाचा मोठा पिस्टन घालायचा. ही मापे इंचाच्या हजाराव्या भागात असतात. पहिल्यांदा दहा, मग वीस, मग तीस, मग चाळीस. दहा थाउ म्हणजे पाव मिलिमीटर. एवढ्या चिमटीभर लोखंडात इंजिनाला नवा जन्म मिळतो. पण प्रत्येक जन्मात भिंत पातळ होत जाते. चाळीसनंतर आत नवी नळी, म्हणजे स्लीव्ह बसवावी लागते. त्यामुळे इंजिन उघडल्यावर पिस्टनच्या माथ्यावरचा आकडा वाचला की कळते, या गाडीचे किती जन्म झाले आणि किती उरले. विकणारा काहीही सांगो.

सुट्या भागांसाठी मुंबईत ऑपेरा हाउस आणि कुर्ला, पुण्यात नाना पेठ ही जुनी ठिकाणे. तरीही कितीतरी भाग आता मिळत नाहीत, आणि मिळतात त्यांतले काही नकली असतात. रबराचा तर वेगळाच प्रश्न उभा राहिला आहे. आमच्या साखर कारखान्यांतून निघालेले इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते, ते प्रमाण २०२५ पर्यंत वीस टक्क्यांवर गेले. शेतकऱ्याला त्याचा फायदा आहे, नाकारता येत नाही. पण चाळीस वर्षांपूर्वीच्या पेट्रोल नळ्या, पंपाचे पडदे, कार्बोरेटरची वॉशरे या इंधनासाठी घडवलेली नव्हती. ती फुगतात, कडक होतात, चिरतात. गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणे म्हणजे आगीला आमंत्रण. म्हणून जुनी गाडी घेतली की पहिल्याच महिन्यात पेट्रोलच्या सगळ्या नळ्या बदलाव्यात आणि त्या इथेनॉल सोसणाऱ्या आहेत याची खात्री करावी. गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी अर्धवट रिकामी ठेवू नये. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते आणि ते पाणी तळाशी बसते. ज्याच्या शेतात ऊस आहे आणि दारात फियाट आहे, त्याला या गोष्टीची मजा आणि सजा दोन्ही कळते.

इथे मला माझ्या क्षेत्रातला एक शब्द आठवतो. उर्दू शायरीत ‘इस्लाह’ नावाची रीत आहे. शागिर्द आपली गझल उस्तादाकडे नेतो, उस्ताद एखादा शब्द बदलतो, एखादी मात्रा सरळ करतो. मराठीतही सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहून नव्या लिहिणाऱ्यांना असाच हात दिला. चांगल्या इस्लाहची कसोटी काय? शेर सुधारला पाहिजे, पण तो शागिर्दाचाच राहिला पाहिजे. उस्तादाने दोन्ही ओळी स्वतःच लिहिल्या तर शेर चांगला होईल, पण मग तो कोणाचा? चाचा कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवतात, लांब पेचकसाचे टोक इंजिनावर आणि मूठ कानावर ठेवून ऐकतात, पुन्हा अर्धा पाव फेरा मागे घेतात, तेव्हा मला इस्लाह चालू आहे असे वाटते.

आणि याच कसोटीवर गाडीत बदल करण्याचा प्रश्न घासून पाहता येतो. रविवारी सकाळी कट्ट्यावर मंडळी जमतात तेव्हा या विषयावर हटकून वाद होतो. एक निवृत्त मास्तर आहेत, ते मूळ रूपाचे कट्टर पक्षपाती. त्यांच्या गाडीचा हॉर्नसुद्धा मूळचाच हवा. उलट एक डॉक्टरसाहेब म्हणतात, गाडी चालवायची आहे, संग्रहालयात ठेवायची नाही. खरे सांगायचे तर आपल्याकडे बदलाचा इतिहास गरजेचा आहे. पेट्रोल महागले तेव्हा अँबेसेडर आणि जीपमध्ये मॅटॅडोरचे डिझेल इंजिन बसवणारे मिस्त्री गावोगावी होते. पुढे गॅस किट आले. हे बदल पोट सांभाळण्यासाठी झाले. आताचे बदल हौसेचे आहेत: रुंद टायर, चकचकीत अलॉय चाके, फाडफाड आवाजाचा सायलेन्सर, डोळे दिपवणारे दिवे.

यात बरे-वाईट ठरवायला थोडे गणित पुरते. दिव्यांचे घ्या. मूळ बल्ब साठ वॉटचा असेल तर बारा व्होल्टवर पाच अँपिअर वीज ओढतो. तिथे शंभर वॉटचा घातला तर आठाच्या वर जाते. वायर किती तापते ते विजेच्या वर्गाच्या पटीत ठरते, म्हणजे त्याच वायरीत जवळजवळ पावणेतीन पट उष्णता. तीस वर्षांची वायर, तिचे वाळलेले आवरण आणि वर पावणेतीन पट उष्णता! चालत्या गाडीने पेट घेतल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यांत अशा वायरींचा वाटा असू शकतो. वेगळी जाड वायर, रिले आणि फ्यूज घालून हेच काम सुरक्षित करता येते, पण त्या खर्चाला हौस कमी पडते. टायरचेही तसेच. मोठे चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापते, म्हणून काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी त्याहून जोरात पळत असते, आणि तेवढ्याच ब्रेकला मोठे चाक आवरणे जड जाते. जीप मुळात आखूड आणि उंच. ती आणखी उचलली की वळणावर कलंडण्याचा धोका वाढतो. याउलट जुन्या गाडीला सीटबेल्ट लावणे, मागे नीट दिसणारे लाल दिवे बसवणे हे बदल मूळ रूपाच्या मास्तरांनीही मान्य केले आहेत.

कायदाही याच बाजूला झुकतो. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही. इंधन बदलाचे मान्यताप्राप्त किट किंवा इंजिन बदलणे अशा ठरावीक गोष्टींना वाट आहे, पण आरटीओची परवानगी घेऊन आणि आरसीवर नोंद करून. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बेकायदा बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद केली. शिवाय बदललेल्या गाडीचा अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते, हा धोका कट्ट्यावर कोणी बोलत नाही. पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी २०२१ मध्ये वेगळे नियम आले. त्यांना ‘व्हीए’ अक्षरांची खास नंबरपट्टी मिळते, पण त्यासाठी चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही, आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. म्हणजे आज जो चेसिस कापून जीप लांब-आखूड करतो, तो उद्याच्या मानाच्या यादीतून स्वतःच्या हाताने नाव खोडतो.

एक कटू गोष्टही बोलली पाहिजे. प्रत्येक जुनी गाडी वाचवण्याजोगी नसते. चेसिस सडली असेल, पाट्यांचे आधार पत्र्यातून सुटत असतील, तर वेल्डिंगची ठिगळे लावून तिच्यात बायका-मुलांना बसवणे हा शौक नव्हे. अशी गाडी सोडून द्यावी, रीतसर भंगारात काढून आरटीओत नोंदणी रद्द करावी. तिचे दरवाजे, काचा, गिअरबॉक्स दुसऱ्या चार गाड्या जगवतात. आमच्याकडे धावणाऱ्या फियाटींत अशा गेलेल्या फियाटींचे किती अवयव आहेत, ते चाचाच सांगू शकतील.

मला जी काळजी वाटते ती गाड्यांची कमी आणि हातांची जास्त आहे. चाचांचा मुलगा हुशार आहे. तो गाडीला स्कॅनर जोडतो, पडद्यावर दोष वाचतो, नेमका भाग बदलतो. त्याचे काम आजच्या गाड्यांना हवेच आहे. पण कार्बोरेटर कानाने लावणे, डेल्कोचे पॉइंट पानपत्तीसारख्या पात्याने मोजणे, उन्हाळ्यात आंबा घाट चढताना नळीतल्या पेट्रोलची वाफ होऊन गाडी अडली की पंपावर ओले फडके टाकून पाच मिनिटे थांबणे, हे तो शिकला नाही. त्याला शिकायची गरजही पडली नाही. ही विद्या कुठल्या पुस्तकात पूर्ण लिहिलेली नाही. ती बोटांत आहे, आणि बोटे म्हातारी होत आहेत. दहा वर्षांनी फियाट कदाचित मिळेल, तिचा पिस्टनही कोणी बनवून देईल, पण तो बसवल्यावर इंजिन नीट श्वास घेते आहे का, हे ऐकणारा कान मिळेल का?

म्हणून तरुण मित्रांना सांगणे एवढेच. जुनी गाडी घ्यायची असेल तर गाडी शोधण्याआधी मिस्त्री शोधा. ज्या गाडीचा जाणकार तुमच्या गावात आहे, तीच गाडी घ्या. गाडी त्याच्या हाती सोपवून घरी जाऊ नका. सुट्टीच्या दिवशी तिथे थांबा, पाने धरा, ग्रीसने हात माखू द्या, का असे विचारत राहा. तुम्ही विचारले तर ते सांगतात, कित्येकांना आजवर कोणी विचारलेलेच नाही. आणि एक वही ठेवा. कोणत्या तारखेला, किती किलोमीटरला, काय बदलले, बोअरचे माप किती, कुठला भाग कुठून आणला, मिस्त्रीने काय ऐकले आणि काय केले, सगळे मराठीत, तुमच्या अक्षरात लिहा. फियाट घेतल्यापासून मी अशी वही लिहितो आहे. तिची तिसरी वही सध्या चालू आहे, आणि चाचा स्वतः लिहीत नसले तरी कधीकधी ती मागवून घेतात आणि मला वाचून दाखवायला लावतात. उद्या गाडी विकायची वेळ आली, तर किल्लीबरोबर त्या वह्याही पुढच्या माणसाच्या हातात द्यायच्या, असे आम्ही कट्ट्यावर ठरवले आहे.